पडलेलं पीस कुठल्या पक्ष्याचं? आधी ते अंगावर कुठे होतं ते शोधा

मागच्या सप्टेंबरात बडोद्यात लक्ष्मीविलास पॅलेसच्या कंपाउंडच्या भिंतीलगत माझ्या भाच्याला एक पीस मिळालं, वीतीपेक्षा चांगलं लांब, विटकरी रंगाचं, कडक दांडीचं, आणि तो धावतच आला, आत्या गरुडाचं पीस! मीही हातात घेऊन बघितलं आणि रंगावरून म्हणाले की हो रे, शिकारी पक्षीच असणार कुठलातरी, आणि संध्याकाळपर्यंत घरच्या ग्रुपवर सगळ्यांना गरुड सापडला म्हणून फोटो गेले. दुसऱ्या दिवशी शांतपणे बसून बघितलं तर त्यावर एकही आडवा पट्टा नाही, पूर्ण साधा रंग आणि दांडीला चांगलाच बाक. ते मोराचं होतं. मोराच्या पंखातली मोठी पिसं विटकरी असतात हे आपल्याला माहीतच नसतं कारण मोर म्हटलं की डोळ्यासमोर फक्त तो निळा-हिरवा पिसारा येतो, आणि खरं सांगायचं तर पिसारा ही मोराची शेपटीसुद्धा नाही, ती शेपटीच्या वरची झाकणारी पिसं आहेत, खरी शेपटी त्याच्याखाली असते, आखूड आणि तपकिरी, पिसारा उभा धरायला टेकू देणारी.

त्या दिवसापासून मी एकच सवय लावून घेतली आणि तीच इथे सांगायची आहे. रंग बघून पक्ष्याचं नाव घ्यायचं नाही. आधी हे पीस अंगावर कुठे होतं ते ठरवायचं, मग माप, मग नक्षी, आणि रंग सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळला की निम्म्या चुका तिथेच टळतात.

उचलायच्या आधी

पीस दिसलं की लगेच हात घालू नका, एक मिनिट आजूबाजूला बघा. एकच पीस पडलंय का ढीग आहे? एकटं, स्वच्छ, देठ (दांडीचं अंगात रुतलेलं बूड) पूर्ण असलेलं पीस म्हणजे बहुतेक वेळा आपोआप गळलेलं, पक्षी धडधाकट आहे आणि कुठेतरी वर बसलाय. आपल्याकडे बऱ्याच पक्ष्यांची वीण उन्हाळा-पावसाळ्यात उरकते आणि मग जुनी पिसं टाकून नवी येतात, म्हणून ऑगस्ट ते ऑक्टोबर कमाटीबागेत खाली बघून चाललात तर रोज काहीतरी मिळतं. उडणाऱ्या पक्ष्यांची पंखातली पिसं साधारण एकेक करून दोन्ही बाजूंनी जोडीने गळतात, नाहीतर उडताच येणार नाही.

ढीग असेल तर मात्र तिथे कोणीतरी जेवलंय. अशा वेळी देठं बघा. शिक्रा किंवा दुसरा शिकारी पक्षी चोचीने पिसं उपटतो, त्यामुळे पिसं अख्खी असतात, फार तर दांडीला चिमटा बसल्यासारखी खूण किंवा वाक असतो आणि ती एका जागी गोल पसरलेली असतात, बऱ्याचदा झाडाच्या आडव्या फांदीखाली. मांजर, कुत्रं, मुंगूस यांचं काम वेगळं, ते चावून तोडतात, म्हणून दांड्या तुटलेल्या, कुरतडलेल्या आणि दोन-चार पिसं लाळेने एकत्र चिकटलेली. बागेतल्या एका जुन्या कडुनिंबाखाली मला दोन वर्षं सतत पारव्याच्या आणि होल्याच्या पिसांची वर्तुळं मिळाली, देठं सगळी शाबूत, आणि एकदा मान वर केली तर शिक्रा तिथेच बसलेला.

मेलेला पक्षी असेल तर हात लावू नका, आणि एका ठिकाणी बरेच मेलेले दिसले तर वनखात्याला किंवा पशुवैद्यकीय खात्याला लगेच कळवा, बर्ड फ्लूचा धोका असतो. सुटं पीस हाताळलं तरी नंतर साबणाने हात धुवायचेच, लहान मुलं बरोबर असतील तर ती पिसं गालाला लावतात म्हणून मी हे मुद्दाम सांगते.

आणि घरी आणून साठवायचं का? नको. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ट्रॉफी (म्हणजे प्राण्याच्या अंगाचा जपून ठेवलेला भाग) शब्दाच्या व्याख्येत शिंगं, नखं, दात यांच्याबरोबर पिसंसुद्धा येतात. मोराच्या गळलेल्या पिसाऱ्याला देशात सूट आहे, पण बाहेरच्या देशात पाठवायला त्यालाही बंदी आहे. बाकी पक्ष्यांच्या बाबतीत फोटो काढा, माप घ्या, आणि पीस तिथेच ठेवा, ओळखायला तेवढं पुरतं.

फोटो असा काढा की उपयोग होईल

मला लोक जे फोटो पाठवतात त्यात पीस बोटांत धरलेलं असतं, मागे स्कूटर, अर्धं ब्लर, आणि विचारतात कशाचं आहे ताई. त्यावरून काही कळत नाही हो. पिशवीत एक साधा पांढरा किंवा करडा कागद आणि सहा इंची पट्टी ठेवा. पीस कागदावर सरळ ठेवायचं, पट्टी शेजारी, सावलीत, कॅमेरा बरोबर वरून. एक फोटो वरच्या बाजूचा, एक खालच्या बाजूचा. वरची बाजू कुठली ते ओळखायचं सोपं आहे, ती जरा फुगीर आणि रंगाने ठळक असते, आणि खालच्या बाजूला दांडीवर एक बारीक खाच उभी गेलेली असते, नख फिरवलं तरी लागते. तिसरा फोटो पीस आकाशाकडे धरून, उजेड आरपार येईल असा, तो का ते पुढे येईलच. मग वहीत किंवा फोनमध्ये तारीख, जागा, झाड कुठलं, पाणी जवळ होतं का, आणि देठाच्या टोकापासून पिसाच्या टोकापर्यंत लांबी मिलिमीटरमध्ये.

तंतू सुटे होऊन विस्कटलेलं पीस असेल तर देठाकडून टोकाकडे दोन बोटांत हलकेच ओढा, ते पुन्हा जुळतं. पिसाच्या दोन्ही बाजूंना जे पातं दिसतं ते अखंड नसतं, शेकडो बारीक तंतू असतात आणि त्या तंतूंना आणखी बारीक आकडे, चेनसारखे एकमेकांत अडकणारे. पक्षी चोचीने पिसं साफ करतो तेव्हा दिवसभर हेच चाललेलं असतं.

अंगावर कुठे होतं

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, यावर वेळ घाला. दांडीच्या दोन्ही बाजूंची पाती सारखी रुंद आहेत का ते बघा. एक बाजू अगदी अरुंद आणि दुसरी रुंद, दांडी कडक, पीस लांबट, तर ते पंखाच्या टोकाकडचं, ज्याच्यावर उडण्याचा सगळा जोर असतो. अरुंद बाजू म्हणजे हवा कापणारी बाजू. अशी पिसं बहुतेक पक्ष्यांना एका पंखात नऊ ते अकरा असतात. दोन्ही पाती थोडीच कमी-जास्त, टोक गोलसर आणि पूर्ण पिसाला बाक, तर ते पंखाच्या आतल्या भागातलं. एकदम सरळ दांडी आणि दोन्ही पाती सारखी, तर शेपटीच्या मधलं. शेपटीच्या कडेच्या पिसात पुन्हा एक बाजू अरुंद होते, त्यामुळे ते आणि पंखाचं पीस यांत गोंधळ होतो, पण शेपटीचं पीस जास्त सरळ असतं आणि टोकाला रुंद राहतं. छोटं, बुडाशी मऊ धुरकट आणि टोकाला नीट आकाराचं, तर अंगावरचं. पूर्ण कापसासारखं आणि दांडी जवळपास नाहीच, तर आतलं ऊबेचं, यावरून नुसत्या डोळ्यांनी पक्षी सांगता येत नाही, ते सोडून द्या.

डावं का उजवं हेसुद्धा कळतं आणि मुलांना ते फार आवडतं. वरची बाजू आपल्याकडे, देठ पुढे, टोक आपल्या पोटाकडे असं धरा, जणू पक्षी आपल्याला पाठ करून उडतोय. अरुंद पातं डावीकडे आलं तर डाव्या बाजूचं, उजवीकडे आलं तर उजव्या.

आता दोन खुणा ज्या एकदम दिशा दाखवतात. पंखाच्या टोकाकडच्या पिसाची रुंदी मध्येच एकदम कमी झाली असेल, कात्रीने खाच पाडल्यासारखी, तर पक्षी तरंगणारा, मोठ्या पंखांचा, घार-गिधाडासारखा असण्याची शक्यता बरीच, कारण उडताना त्याचं पंखाचं टोक बोटांसारखं फाकतं ते या खाचेमुळेच. आणि पिसाच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतील आणि पृष्ठभाग मखमलीसारखा लागत असेल, तर घुबड. घुबडाचं पीस एकदा बोटांनी ओढून बघितलं की विसरत नाही, आणि हवेत जोरात हलवून बघा, पारव्याच्या पिसाचा फर्रकन आवाज येतो, घुबडाचा येतच नाही.

छोट्या पिसाच्या देठापाशी आतल्या बाजूला दुसरं चिमुकलं पीस जोडलेलं दिसलं तर कोंबडी, मोर, तित्तिर या घराण्याचा विचार करा, त्यांच्यात ते चांगलं मोठं असतं. पारव्यांमध्ये नसतंच. आणि हो, शहरात आधी पाळीव पक्षी बाद करा. चिकनच्या दुकानाजवळ, गच्चीवरची पाळलेली कबुतरं, आणि बॅडमिंटनच्या कोर्टाशेजारी सापडलेलं सुंदर पांढरं पीस, देठ कापलेलं, ते शटलकॉकचं असतं, एका शटलला हंस-बदकाची 16 पिसं लागतात.

माप, नक्षी, मग रंग

मापाने यादी पटकन छोटी होते. चिमणीचं पंखातलं सगळ्यात लांब पीस बोटाएवढं, साळुंकीचं त्याच्या दीडपट-दुप्पट, पारव्याचं वीतीपेक्षा थोडं कमी, कावळ्याचं साधारण वीतभर, घारीचं त्याहून बरंच मोठं.

नक्षी बघताना एक फसवी गोष्ट. पीस तिरकं धरलं की त्यावर कधीकधी अगदी फिक्या, समांतर रेघा दिसतात, पूर्ण पिसावर सारख्या अंतराने. ती नक्षी नाही, ते पीस वाढतानाचे दिवस आहेत, एक गडद आणि एक फिकी मिळून साधारण एक दिवस-रात्र. वाढताना पक्ष्याची उपासमार किंवा ताण झाला तर तिथे पारदर्शक, कमजोर रेघ राहते आणि पीस बऱ्याचदा तिथेच तुटतं.

रंगाबद्दल, तो तिसरा फोटो आठवा, उजेडाविरुद्धचा. काळा आणि तपकिरी रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा, तो उजेड आरपार आला तरी तसाच राहतो. निळा रंग मात्र पिसात रंगद्रव्य म्हणून नसतोच, पिसाच्या आतल्या सूक्ष्म रचनेवर उजेड विखुरतो म्हणून तो निळा दिसतो. नीलपंखाचं किंवा खंड्याचं पीस सूर्याकडे धरा, निळं गायब आणि हातात मळकट तपकिरी पीस. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ते पाच-सहा वेळा खाली-वर केलं असेल. शिवाय मेलॅनिनने पीस मजबूत होतं, म्हणून जुन्या पिसात पांढरे ठिपके आणि पांढऱ्या कडा आधी झिजतात. वर्णनात पांढरी कड आहे आणि आपल्या पिसात नाही, एवढ्यावरून लगेच नाही म्हणू नका.

बडोद्यात रोज सापडणारी

सूरसागरच्या कडेला, मांडवीत, रावपुऱ्यात जे पीस मिळेल ते दहात सात वेळा पारव्याचं असतं. शेपटीचं असेल तर राखाडी आणि टोकाजवळ काळा पट्टा. हे एकदा पक्कं झालं की उरलेल्या तीनकडे नीट लक्ष देता येतं.

साळुंकीचं पंखातलं पीस गडद तपकिरी आणि बुडाशी पांढरं, शेपटीच्या पिसाला पांढरं टोक. पण आपल्या गुजरातेत बँक मैना भरपूर आहे, सेव-उसळीच्या लारीभोवती पायात येते ती, लालसर डोळ्याकडच्या कातडीची. तिचं पीस जवळजवळ तसंच, फक्त साळुंकीला जिथे शुभ्र पांढरं तिथे हिला बदामी-नारिंगी छटा. मळलेलं पीस असेल तर पाण्याच्या थेंबाने हलकं पुसून मग ठरवा.

लांब, सरळ, अरुंद, निळसर हिरवं आणि खालून पिवळट असं पीस म्हणजे पोपटाच्या शेपटीचं, यात चूक होत नाही. विटकरी पंखाचं पीस आकाराने मध्यम असेल तर भारद्वाज, त्याची शेपटी मात्र काळी, रुंद, चकाकणारी. म्हणजे विटकरी साधं पीस मिळालं तर माप घ्या, मोठं बाकदार तर मोर, लहान तर भारद्वाज. राखाडी-तपकिरी लांब शेपटीचं पीस, टोकाला पांढरं आणि त्याच्या आत काळा पट्टा, तर राखी धनेश, कमाटीबागेत वड-पिंपळाच्या फळांवर येतो. तपकिरी पिसावर गोल पांढरे ठिपके, दोन्ही कडांना, आणि स्पर्श मऊ, तर पिंगळा. सोनेरी बदामी, त्यावर गडद पट्टे आणि राखेसारखी बारीक शिंपडण, तर गव्हाणी घुबड.

सगळ्यात जास्त फसवते ती कोकिळा. नर पूर्ण काळा, पण मादी तपकिरी आणि अंगभर पांढरे ठिपके-पट्टे, त्यामुळे तिच्या शेपटीचं पीस मिळालं की सगळे शिक्रा म्हणतात. शिक्र्याच्या पिसाचा मूळ रंग राखाडी आणि गडद पट्टे मोजकेच. कोकिळेचा मूळ रंग गडद तपकिरी, त्यावर पांढरट पट्टे बरेच आणि जवळजवळ, आणि तिरकं धरल्यावर हलकी हिरवट चकाकी.

नीलपंख आणि खंड्याचाही गोंधळ होतो. नीलपंखाच्या पंखात फिका आकाशी आणि गडद निळा असे दोन ठळक पट्टे येतात. खंड्याच्या पंखाच्या टोकाकडच्या पिसात बुडाशी पांढरं आणि टोकाला काळं असतं, उडताना जो पांढरा चट्टा चमकतो तो हाच.

पांढऱ्या पिसांचं सांगायचं तर विश्वामित्रीच्या काठावर झाडाखाली पांढरं पीस मिळालं की सगळे बगळा म्हणतात. गाय बगळा असेल, छोटा बगळा असेल, पण ढोकरीसुद्धा असू शकते. ती बसली की मातकट दिसते, आणि उडाली की पंख पूर्ण पांढरे. म्हणून एकटं पांढरं पीस असेल तर मी वहीत बगळा-ढोकरी गट एवढंच लिहिते आणि पुढे जात नाही. विश्वामित्रीच्या काठावर पिसासाठी पाण्याजवळ मात्र अजिबात उतरू नका, मगरी आहेत.

थंडीत टिंबी तलाव किंवा डभोईकडे वढवाणा तलावावर जाणं झालं तर बदकांची पिसं मिळतात. वढवाणा सयाजीराव महाराजांच्या काळात, 1910 च्या सुमारास सिंचनासाठी बांधला, आणि 2021 मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. बदकाच्या पंखाच्या आतल्या भागातल्या पिसावर बऱ्याचदा धातूसारखी चमक असते, हिरवी किंवा निळी, आणि तिच्या पुढे-मागे काळी-पांढरी रेघ कशी आहे यावरून जात कळते. ही बदकं पंखातली सगळी मोठी पिसं एकदमच टाकतात आणि काही आठवडे उडू शकत नाहीत, पण पाहुण्या बदकांचं ते उत्तरेकडे, वीण झाल्यावर उरकतं, म्हणून इथे त्यांची छोटी पिसं जास्त आणि मोठी कमी मिळतात.

उत्तरायणानंतर

14 आणि 15 जानेवारीचे पतंग उडवून झाले की पुढचा आठवडाभर गच्चीवर, झाडाखाली, वायरीखाली पिसं सापडतात आणि ती गळलेली नसतात. मांजाने कापलेल्या पिसाची दांडी सरळ, स्वच्छ कापलेली असते, ब्लेडने कापल्यासारखी, आणि देठ बरोबर नसतं. असं पीस मिळालं तर ओळखत बसू नका, आधी आजूबाजूला जखमी पक्षी शोधा, झाडात लटकलेला दोरा बघा. सापडला तर कपड्याने हलकेच झाकून, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका, आणि जखमी पक्ष्यांसाठीच्या सरकारी करुणा अभियानाच्या केंद्राला फोन करा. दोरा स्वतः ओढून काढू नका, मांस कापलं जातं.

तरीही कळलं नाही तर

इंटरनेटवर शोधताना अमेरिकेचा फेदर अ‍ॅटलस, म्हणजे पिसांच्या फोटोंचा संग्रह, पहिला येतो, काम फार सुंदर आहे, पण ते उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांचं, त्यात आपली साळुंकी जमवत बसलात तर चुकाल. त्यापेक्षा आपल्या गुजरातमध्येच, अहमदाबादला, ईशा मुनशी आणि शेरविन एव्हरेट यांनी 2021 मध्ये सुरू केलेली फेदर लायब्ररी बघा, त्यात भारतीय पक्ष्यांचे उघडलेले पंख आणि शेपट्या मापासकट फोटोत आहेत. मी आधी पिसाचा भाग ठरवते, मग त्या पक्ष्याच्या फोटोत तेवढ्याच भागातली पिसं जुळवते. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर सापडलेल्या पिसांचा वेगळा प्रोजेक्ट आहे, तिथे दोन्ही बाजूंचे फोटो आणि माप टाकलं तर जगभरातली जाणकार माणसं मत देतात. मर्लिन अ‍ॅप अख्ख्या पक्ष्यासाठी आहे, त्यात पिसाचा फोटो टाकून उपयोग नाही.

मायक्रोस्कोप मिळत असेल, शाळेतला साधा चालेल, तर पिसाच्या बुडाशी जे मऊ तंतू असतात त्यातला एक काचेवर घेऊन बघा. त्यावर बांबूसारख्या गाठी असतात आणि गाठींचा आकार घराण्याप्रमाणे बदलतो, बदकांच्या त्रिकोणी, कोंबडीच्या घराण्यात कडीसारख्या. अमेरिकेत स्मिथसोनियन संग्रहालयाच्या रॉक्सी लेबोर्न या बाईंनी याच पद्धतीवर आयुष्य घालवलं. 4 ऑक्टोबर 1960 ला बॉस्टनला एक विमान उडाल्याबरोबर पडलं, इंजिनात पिसांचे तुकडे सापडले, आणि त्यांनी ते स्टार्लिंगचे म्हणून ओळखले. स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकीच्याच घराण्यातला, तिच्याहून थोडा लहान पक्षी.

परवा सकाळी बागेतल्या वडाखाली मला एक मिळालं. 94 मिलिमीटर, दांडी सरळ, दोन्ही पाती सारखी, म्हणजे शेपटीच्या मधलं. काळपट तपकिरी, टोकाला पांढरं. साळुंकी की बुलबुल? साळुंकीच्या मधल्या पिसाला मानाने लांबी कमी आणि रुंदी जास्त असायला हवी, हे निमुळतं होतं, आणि शेजारीच लाल टोकाचं एक नखाएवढं अंगावरचं पीस पडलेलं, बुलबुलाच्या शेपटीखालचं. वहीत लिहिलं बुलबुल, पुढे तारीख, वड, पूर्वेकडची बाजू, आणि दोन्ही पिसं परत मुळाशी ठेवली.